नाव खोडले, माणूस उरला

एखाद्या यादीतील नावे खोडून टाकली की ती यादी निनावी झाली, असे आपण सहज समजतो. शाळेकडे कोणी सर्वेक्षणासाठी मुलांची माहिती मागितली, तर मुख्याध्यापक बहुधा पहिली अट तीच घालतात. नावे मिळणार नाहीत. जन्मतारीख, मुलगा की मुलगी, उंची, वजन आणि पालकांचे उत्पन्न एवढेच मिळेल. अट घालणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या अटीने मुलाची ओळख लपते का, हा प्रश्न हेतूचा नाही, मोजणीचा आहे; आणि ही मोजणी दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येते.

रुग्णालये, बँका, मोबाइल कंपन्या, दुकाने आणि सरकारी कार्यालये यांच्याकडे आज माहितीचे जे अवाढव्य साठे जमले आहेत, त्यांना ‘बिग डेटा’ असे सुटसुटीत नाव पडले आहे. या साठ्यांविषयी एक मत नेहमी ऐकू येते : कोट्यवधी लोकांच्या गर्दीत माझ्याकडे कोण पाहणार? हे मत कितपत खरे, ते आधी तपासून पाहू.

गव्हर्नरांची कागदपत्रे

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचे काम पाहणारा एक आयोग आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास या आयोगाने सुमारे १,३५,००० कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधनासाठी उपलब्ध करून दिल्या. नाव, पत्ता अशा उघड खुणा काढून टाकल्या होत्या. मात्र जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा झिप क्रमांक (आपल्या पिनकोडसारखा) हे तीन रकाने तसेच राहिले. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी यामुळे कोणाच्याही खासगीपणाला धक्का लागत नाही, अशी ग्वाही दिली होती.

त्या वेळी एमआयटीत शिकत असलेल्या लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. यादीत नाव आणि पत्त्याबरोबर जन्मतारीख, लिंग व झिप क्रमांकही होते. म्हणजे दोन याद्यांमध्ये तीन रकाने सामाईक झाले. गव्हर्नर स्वतः केंब्रिजचे रहिवासी. त्यांची जन्मतारीख असलेले मतदार यादीत सहा निघाले. त्यांपैकी पुरुष तीन, आणि त्या तिघांपैकी गव्हर्नरांच्या झिप क्रमांकात राहणारा एकच! १९९७ साली अशा रीतीने खुद्द गव्हर्नरांच्याच रुग्णालयीन नोंदी वेगळ्या काढता आल्या.

ही गोष्ट सांगताना एक पुस्ती जोडली पाहिजे, आणि ती बहुतेक ठिकाणी जोडली जात नाही. मतदारयादीत शहरातले सगळे लोक नसतात. केंब्रिजची लोकसंख्या लाखाच्या आसपास, तर यादीत मतदार सुमारे ५४ हजार. त्यामुळे यादीत एकटा असणारा माणूस शहरातही एकटाच असतो, असे म्हणता येत नाही. शिवाय गव्हर्नर मे १९९६ मध्ये एका पदवीदान समारंभात चक्कर येऊन पडले होते आणि ती बातमी वर्तमानपत्रांत आली होती. नोंद त्यांचीच आहे ही खात्री पटण्यास तिचीही मदत झाली. सामान्य माणसाच्या बाबतीत काम इतके सोपे झाले नसते. पण अशक्यही झाले नसते. का, ते आता पाहू.

शाळेच्या रजिस्टरावर प्रयोग

समजा, एका शाळेत पाचवी ते दहावी मिळून ६०० मुले आहेत. ढोबळमानाने त्यांच्या जन्मतारखा सहा वर्षांत पसरलेल्या असणार. जन्मतारीख आणि लिंग या दोनच गोष्टी घेतल्या, तरी ६ × ३६५ × २ म्हणजे ४,३८० खाने होतात. मुले ६००, खाने ४,३८०. एका मुलाच्या खान्यात दुसरे कोणीही नसण्याची शक्यता किती? उरलेल्या ५९९ मुलांपैकी प्रत्येक जण त्या खान्याबाहेर पडण्याची शक्यता (१ – १/४३८०). हिचा ५९९वा घात काढला की उत्तर येते सुमारे ०.८७. म्हणजे शंभरांतली सत्त्याऐंशी मुले केवळ जन्मतारीख आणि लिंग यांवरून, नाव न घेता, एकटी उभी करता येतात. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटणाऱ्या मुलाची जन्मतारीख कोणाला ठाऊक नसते?

हाच हिशेब अमेरिकेला लावून पाहा. १९९०च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २४.८ कोटी आणि झिप क्रमांक सुमारे २९ हजार. म्हणजे एका क्रमांकात सरासरी साडेआठ हजार माणसे. आयुष्य ८० वर्षांचे धरले तर खाने ८० × ३६५ × २ = ५८,४००. वरच्या रीतीने उत्तर येते ८६ टक्के. स्वीनी यांनी प्रत्यक्ष जनगणनेचे आकडे वापरून काढलेले उत्तर होते ८७ टक्के. पुढे २००६ साली फिलिप गोल यांनी नव्या जनगणनेवरून हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हा तो ६३ टक्के आला. सरासरी फसवी असते. माणसे झिप क्रमांकांत सारखी वाटलेली नसतात. बहुतेक जण दाट वस्तीच्या क्रमांकांत राहतात आणि तिथे गर्दी जास्त असते. पण ६३ टक्के हेही थोडे नव्हे.

आपल्याकडे स्थिती थोडी निराळी आहे. सुमारे १९ हजार पिनकोड आणि सुमारे १४० कोटी माणसे, म्हणजे एका पिनकोडात सरासरी त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर हजार. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर भारतात माणूस अमेरिकेतल्याइतका उघडा पडत नाही. परंतु यात शाळेचे नाव, व्यवसाय किंवा रक्तगट असा आणखी एखादा रकाना आला की हा दिलासा संपतो.

महाराष्ट्रातील शिक्षकांना येथे एक गंमत आठवेल. जुन्या पिढीतील असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो. जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत आले की गुरुजी अंदाजाने वय ठरवून १ जून लिहून मोकळे होत. त्या गुरुजींनी नकळत एक उत्तम पडदा घातला होता, कारण त्या तारखेच्या खान्यात दाटीवाटीने माणसे बसली आहेत. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरातले १९६०च्या आसपासचे एक वर्ष आणि अलीकडचे एक वर्ष घेऊन, ‘एकट्या’ मुलांचे प्रमाण मोजून पाहावे. फरक ठळक दिसेल. (हा प्रयोग शिक्षकांनी कार्यालयात बसून करावा आणि वर्गात फक्त आकडे न्यावेत. रजिस्टर वर्गात फिरवून खासगीपणाचा पाठ देणे म्हणजे विस्तव हातात देऊन आगीपासून सावध करण्यासारखे होईल.)

ओळी आणि रकाने

माहितीचा साठा ‘मोठा’ होतो तो दोन तऱ्हांनी. तक्त्यात ओळी वाढतात, म्हणजे माणसे वाढतात. किंवा रकाने वाढतात, म्हणजे प्रत्येक माणसाविषयीच्या गोष्टी वाढतात. ओळी वाढल्या की प्रत्येक खान्यात गर्दी होते आणि माणूस लपतो. रकाने वाढले की खाने वाढतात आणि माणूस एकटा पडतो. पण दोन्हींचा वेग सारखा नाही. लोकसंख्या दुप्पट झाली तर गर्दी दुप्पट होते. उलट, दहा पर्याय असलेला एकच नवा रकाना जोडला तर खाने दसपट होतात, असे दोन जोडले तर शंभरपट. बेरजेने वाढणारी गर्दी गुणाकाराने वाढणाऱ्या खान्यांना पुरी पडत नाही. बिग डेटापासून खासगीपणाला असलेला धोका मुख्यतः येथे आहे.

याचे प्रत्यंतर २००६ साली आले. नेटफ्लिक्स या कंपनीने १० लाख डॉलरच्या स्पर्धेसाठी ४,८०,१८९ ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले दहा कोटींहून अधिक गुण नावे काढून प्रसिद्ध केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या ग्राहकाने गुण दिलेले केवळ आठ चित्रपट माहीत असले, त्यांतले दोन चुकीचे असले आणि तारखांत चौदा दिवसांपर्यंत चूक असली, तरी ९९ टक्के नोंदी एकमेव ठरतात. चित्रपटांची आवड ही क्षुल्लक बाब वाटेल. पण माणसाचे राजकीय मत, धर्म, मनातल्या खाजगी गोष्टी यांचा माग त्यातून लागू शकतो.

मोबाइलचे तर विचारूच नये. इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. त्यांत नेमका पत्ता नव्हता; कोणत्या तासाला फोन कोणत्या मनोऱ्याच्या टापूत होता, एवढेच होते. तरीही कोणतेही चार क्षण घेतले की ९५ टक्के माणसे इतर सर्वांपासून वेगळी निघत होती. टापू मोठा केला, तासाऐवजी अधिक लांबचा कालखंड घेतला, तरी ओळख फार हळूहळू पुसट होत होती. सकाळी घरी, अकराला कचेरीत, गुरुवारी दत्ताच्या देवळात आणि रविवारी बहिणीकडे. एवढ्यात आपण संपतो!

साधी सरासरीसुद्धा बोलते. वर्गात ४० मुले आहेत आणि सरासरी गुण ६२.५ आहेत, असे फलकावर लिहिले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी शाळा सोडून गेली आणि सरासरी ६२ झाली. ४० × ६२.५ म्हणजे २,५००. ३९ × ६२ म्हणजे २,४१८. गेलेल्या मुलीचे गुण ८२, हे तिचा तक्ता न पाहताच कळले.

नाण्याची युक्ती

आतापर्यंत चित्र निराशेचे दिसते. पण वरच्या विवेचनात ओळींची बाजू अर्धवट राहिली आहे. गर्दीचा उपयोग लपण्यापुरताच नसतो. गर्दी मोठी असेल तर प्रत्येकाला थोडे खोटे बोलण्याची मुभा देऊनही एकूण सत्य मिळवता येते. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या युक्तीचे सोपे रूप असे.

शाळेत २०० मुलांना विचारायचे आहे : तुम्ही परीक्षेत कधी कॉपी केली आहे का? सरळ विचारले तर खरे उत्तर कोण देणार! म्हणून प्रत्येकाने बाकाआड एक नाणे उडवायचे. छापा पडला तर खरे उत्तर लिहायचे. काटा पडला तर नाणे पुन्हा उडवायचे आणि छापा पडल्यास ‘हो’, काटा पडल्यास ‘नाही’ असे डोळे मिटून लिहायचे. आता समजा, ८० उत्तरे ‘हो’ आली. साधारण १०० मुलांनी नाण्याच्या सांगण्यावरून लिहिले; त्यांची ५० ‘हो’ असणार. उरलेली ३० ‘हो’ खरे बोलणाऱ्या १०० मुलांची. म्हणजे कॉपी करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के. आणि ज्याच्या चिठ्ठीवर ‘हो’ आहे तो केव्हाही म्हणू शकतो, “सर, ते नाण्याने लिहायला लावले.”

हा बचाव किती पक्का आहे, तेही मोजता येते. कॉपी केलेल्या मुलाने ‘हो’ लिहिण्याची शक्यता पाऊण, न केलेल्याची पाव. म्हणजे ‘हो’ पाहून शिक्षकांचा संशय जास्तीत जास्त तिपटीने बळावतो, त्यापुढे नाही. मात्र त्याच मुलाला तोच प्रश्न वीस वेळा नव्याने नाणे उडवून विचारला, तर पंधरा वेळा ‘हो’ आणि पाच वेळा ‘हो’ यांतला भेद लपत नाही. पडदा दर प्रश्नागणिक झिजतो.

आता मूळ मुद्दा. २०० मुलांत या ३० टक्क्यांच्या अंदाजात सुमारे ७ टक्के इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. एका वर्गातल्या ४० मुलांवर प्रयोग केला तर १५ टक्के, म्हणजे उत्तर जवळजवळ निरुपयोगी. पण एक लाख मुलांना विचारले तर चूक अवघी ०.३ टक्के उरते. प्रत्येक मुलाचा बचाव मात्र तिन्ही ठिकाणी तितकाच पक्का आहे! साठा जितका मोठा, तितका व्यक्तीला झाकून समूह पाहण्याचा खर्च कमी. बिग डेटा खासगीपणाचे रक्षण करू शकतो, असे म्हणतात त्याला आधार हाच आहे.

सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अ‍ॅडम स्मिथ यांनी २००६ मध्ये या कल्पनेला काटेकोर गणिती रूप दिले. तिला ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ म्हणतात. एखादी व्यक्ती साठ्यात असली काय किंवा नसली काय, प्रसिद्ध होणारे उत्तर जवळपास तेच राहिले पाहिजे, अशी तिची अट. त्यासाठी उत्तरात मोजून-मापून थोडा गोंधळ, म्हणजे यादृच्छिक चूक मिसळतात. शाळा सोडून गेलेल्या मुलीचे गुण अशा सरासरीतून काढता आले नसते. गूगलने २०१४ पासून आपल्या क्रोम ब्राउझरची काही माहिती या जातीच्या पद्धतीने गोळा केली, २०१६ मध्ये अ‍ॅपलनेही ती स्वीकारल्याचे जाहीर केले, आणि अमेरिकेची २०२०ची जनगणना याच रीतीने प्रसिद्ध झाली.

चोरीच्या मालाचा सदुपयोग

संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात मोठ्या साठ्याचा एक उपयोग मला विशेष देखणा वाटतो. दरोडेखोरांनी निरनिराळ्या संकेतस्थळांवरून चोरलेले पासवर्ड शेवटी कुठे ना कुठे उघड्यावर येतात. ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट यांनी असा माल गोळा करून, आपली माहिती चोरीस गेली आहे का हे लोकांना तपासता यावे म्हणून, ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ २०१३ मध्ये सुरू केले. २०१८च्या सुरुवातीला त्यातील वेगवेगळ्या पासवर्डांची संख्या ५० कोटींवर गेली होती. आपला पासवर्ड या यादीत असेल तर तो तत्काळ बदलावा. पण तपासायचा कसा? तपासण्यासाठी तो दुसऱ्याला सांगितला, तर गुपित तिथेच फुटले.

तोड अशी. आपला संगणक पासवर्डवर एक ठरावीक गणिती प्रक्रिया करून त्याचा ४० चिन्हांचा ठसा बनवतो. ठशाचे प्रत्येक चिन्ह सोळांपैकी एक असते. या ठशाची फक्त पहिली पाच चिन्हे पाठवायची. पाच चिन्हांचे प्रकार सोळाचा पाचवा घात, म्हणजे १०,४८,५७६. पन्नास कोटी ठसे इतक्या खान्यांत वाटले तर प्रत्येक खान्यात पावणेपाचशेच्या आसपास ठसे येतात. संकेतस्थळ त्या खान्यातले सगळे ठसे परत पाठवते आणि जुळणी आपल्या संगणकावरच होते. आपण नेमके कोणत्या पासवर्डविषयी विचारले, हे त्यांना कळतच नाही. मघाशी आपण एका खान्यात एकट्या पडणाऱ्या मुलांचा हिशेब केला. येथे खाने मुद्दाम इतके मोठे ठेवले आहेत की कोणीही एकटा पडू नये. या तत्त्वालाच स्वीनी यांनी पूर्वी ‘के-अनामिकता’ असे रूप दिले होते. आणि येथे चोरीचा साठा वाढेल तसा खान्यातला जमावही वाढतो.

हे तत्त्वही सर्वत्र पुरते असे नाही. पाच मुलींच्या गटात कोणती मुलगी कोण हे लपले, पण त्या पाचही जणींपुढे ‘रक्तक्षय’ असेच लिहिले असेल, तर लपवले काय?

बँकांचे उदाहरण याहून अवघड आहे. कार्डावरचा संशयास्पद व्यवहार ओळखायचा तर ग्राहक नेहमी कुठे, किती आणि कधी खर्च करतो हे यंत्राला ठाऊक हवे. म्हणजे सुरक्षेसाठीच रकाने वाढवावे लागतात. शिवाय, समजा एक कोटी व्यवहारांत एक हजार खोटे आहेत आणि यंत्र शंभरांत नव्याण्णव वेळा बरोबर सांगते. ते ९९० चोऱ्या पकडेल, पण त्याचबरोबर जवळजवळ एक लाख प्रामाणिक व्यवहारांवर बोट ठेवेल. ‘९९ टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचताना हा गुणाकार करून पाहावा.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती व्यक्तिगत माहिती, असे हा कायदा मानतो, आणि अठरा वर्षांखालील सर्वांना बालक धरतो. तेव्हा शाळेच्या निनावी यादीवरून मूल ओळखता येते की नाही, हा रजिस्टरावरचा हिशेब आता निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

लहान पाड्याचे काय?

गणित जिथे थांबते ती जागा शेवटी दाखवली पाहिजे. अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत राज्यांची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली गेली, पण लहान वस्त्यांच्या आकड्यांत गोंधळ मिसळला गेला. २०१०चे प्रसिद्ध तक्ते एकमेकांशी ताडून व्यक्तींच्या नोंदी बऱ्याच प्रमाणात पुन्हा उभ्या करता येतात, असे जनगणना कार्यालयाला स्वतःच्याच प्रयोगात आढळले होते, म्हणून हा खटाटोप. परिणामी काही अगदी छोट्या गटांत फक्त मुलेच राहतात, प्रौढ कोणीच नाही, असे चमत्कारिक आकडे छापले गेले. अलाबामा राज्य या पद्धतीविरुद्ध २०२१ मध्ये न्यायालयात गेले. न्यायालयाने ती थांबवली नाही.

आता गडचिरोली किंवा नंदुरबारकडचा एखादा पाडा डोळ्यांपुढे आणा. घरे बारा. सिकल सेल हा आनुवंशिक रक्तदोष या भागांत आढळतो आणि त्याची तपासणी होणे अगत्याचे आहे. ‘या पाड्यावर तीन घरांत दोष आढळला’ असे छापले, तर ती तीन घरे कोणती हे आठवड्याभरात पंचक्रोशीला कळेल आणि तिथल्या मुलींच्या सोयरिकी अडतील. आकड्यात दोन-तीनचा गोंधळ मिसळला, तर एकही घर नाही की सहा घरे, हेच कळेनासे होईल आणि औषधे किती न्यायची हे आरोग्यसेविकेला समजणार नाही. लाख मुलांच्या प्रश्नात जी युक्ती फुकट मिळाली, तिची किंमत बारा घरांना पुरेपूर मोजावी लागते. अशा ठिकाणी नेमका आकडा आरोग्यसेविकेच्या वहीत ठेवून बाहेर फक्त तालुक्याची बेरीज देणे, एवढाच मार्ग मला दिसतो. मग ती वही कोणाच्या कपाटात राहते आणि तिचा फोटो कोणत्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातो, ते पाहावे लागेल.